शाफ्ट का वाकतो, लॅग कुठून येतो: गोल्फ स्विंगचे भौतिकशास्त्र आणि सरावाची पद्धत

ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, त्याचा फेस (हेडची मारणारी पुढची बाजू) चेंडूला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात क्लबहेड सुमारे दोन सेंटिमीटर सरकते आणि चेंडू निघून जातो. हातांनी त्या क्षणी काहीही केले तरी शाफ्टमधून (क्लबच्या दांड्यातून) त्याचा परिणाम हेडपर्यंत पोचायला वेळच उरत नाही. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये अलास्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वुडच्या (मोठ्या हेडच्या लांब क्लबच्या) शाफ्टला हेडच्या अगदी वर बिजागरी बसवून चेंडू मारून पाहिले होते. अंतरात फारसा फरक पडला नाही. आघाताच्या क्षणी हेड जवळपास मोकळेच असते. त्याचा वेग, त्याची दिशा, फेसचा कोन आणि चेंडू फेसवर कुठे लागला, या चार गोष्टींवर पुढचे सगळे ठरते.

त्यामुळे शाफ्टच्या वाकण्याबद्दल आणि लॅगबद्दल (क्लब हातांच्या मागे राहण्याबद्दल) विचारायचा प्रश्न एकच: या चार गोष्टींवर त्यांचा परिणाम कसा होतो? "शाफ्ट लोड करा म्हणजे तो चेंडूवर स्प्रिंगसारखा सुटेल" ही समजूत रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सर्रास ऐकू येते आणि तिच्यापायी खेळाडू वर्षानुवर्षे चुकीच्या गोष्टीचा सराव करतात. खालचे सगळे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

दोन वेगळे लॅग

पहिला लॅग मनगटाचा: डावा हात आणि शाफ्ट यांच्यामधला कोन. डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) डावा हात जमिनीला समांतर येतो तेव्हा चांगल्या खेळाडूंमध्ये हा कोन साधारण ९० अंश किंवा त्याहून कमी असतो. दुसरा लॅग शाफ्टचा स्वतःचा: हात पुढे निघतात, हेड जडत्वामुळे मागे राहते आणि शाफ्टला बाक येतो. वेग मुख्यतः पहिल्यातून येतो. दुसरा हे त्याचे दिसणारे लक्षण आहे, आणि त्याचा खरा प्रभाव फेसच्या कोनावर पडतो.

स्विंगमध्ये शाफ्ट कधी, कुठे वाकतो

बॅकस्विंगच्या (क्लब मागे-वर नेण्याच्या) शेवटी हेड अजून मागे जात असते, तेवढ्यात कंबर आणि हात उलट दिशेने निघालेले असतात. सर्वांत मोठा बाक इथे किंवा डाउनस्विंगच्या सुरुवातीला येतो. खाली येण्याचा पूर्ण वेळ पाव सेकंदाच्या आसपास, म्हणजे हा कमाल बाक आघाताच्या सुमारे ०.२ सेकंद आधीचा.

आता ड्रायव्हरचा शाफ्ट ग्रिपच्या टोकाला पकडून हेड झटकले तर तो मिनिटाला साधारण २५० वेळा हेलकावतो. एका हेलकाव्याला ०.२४ सेकंद, आणि पूर्ण वाकलेल्या स्थितीतून सरळ व्हायला त्याचा चौथा भाग, म्हणजे ०.०६ सेकंद. वर साठवलेला बाक नुसता सुटला असता तर तो निम्म्या वाटेवरच सरळ होऊन उलटा वाकला असता. तसे होत नाही, कारण हात आणि मनगटे शाफ्टवर जोर देतच राहतात. म्हणजे बाक हा त्या त्या क्षणी हात किती जोर लावत आहेत याचा मापक आहे. बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला भरून आघातापर्यंत जपून ठेवायचा तो साठा नाही.

आणखी एक गोष्ट. वरच्या टोकाला हेड अशा स्थितीत असते की बाक प्रामुख्याने टो (हेडचे बाहेरचे टोक) आणि हील (हेडची शाफ्टकडची बाजू) यांच्या दिशेत येतो. खाली येताना क्लब हातात सुमारे पाव वळसा फिरतो. त्यामुळे वरच्या बाकाची दिशा आणि चेंडूवर ज्या दिशेने ढकलायचे ती दिशा एकच नसते.

आघाताजवळ चित्र उलटते. मनगटे इतक्या वेगाने उघडत असतात की हातांना शाफ्ट पुढे ढकलणे जमेनासे होते आणि जोर नाहीसा होतो. त्याच वेळी हेडवरची ओढ प्रचंड वाढते. २०० ग्रॅमचे हेड, सेकंदाला ४२ मीटर वेग (ताशी सुमारे ९४ मैल) आणि वळणाची त्रिज्या १.२ मीटर धरली, तर हेडला वर्तुळात ठेवायला सुमारे २९० न्यूटन लागतात. हे जवळपास ३० किलो वजन हातात लोंबकळल्यासारखे आहे. ड्रायव्हरच्या हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेच्या मागे आणि टोच्या बाजूला असतो. ओढ त्याला हातांच्या रेषेत आणू पाहते, म्हणून शाफ्टचे टोक दोन दिशांनी वाकते: हेड पुढे जाते आणि टो खाली झुकते. आघाताच्या क्षणी बहुतेक सगळ्या खेळाडूंचा ड्रायव्हर पुढे वाकलेला असतो, मागे नव्हे.

ऊर्जेचा हिशेब

हे गणित कागदावर एकदा स्वतः करून पाहा. मिनिटाला २५० हेलकावे आणि हेडसह टोकाचे परिणामी वस्तुमान २२० ग्रॅम धरले तर शाफ्टची ताठरता मीटरला सुमारे १५० न्यूटन निघते. टोक १० सेंटिमीटर वाकवायला १५ न्यूटन, म्हणजे दीड किलोचा जोर पुरतो. त्या बाकात साठलेली ऊर्जा: अर्धा × १५० × ०.१ × ०.१ = ०.७५ ज्यूल. बाक १५ सेंटिमीटर धरला तरी १.७ ज्यूल.

हेडची गतिज ऊर्जा: अर्धा × ०.२ × ४२ × ४२ = सुमारे १७६ ज्यूल.

म्हणजे शाफ्टमधला साठा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. शाफ्ट सरळ होताना हेड हातांच्या तुलनेत थोडे पुढे उसळते हे खरे. पण ती उसळी फुकट मिळत नाही, तिची किंमत हातांच्या वेगातून वसूल होते. कॅनडातील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचे साशो मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी एरिक स्प्रिगिंग्ज यांनी २००९ मध्ये त्रिमितीय संगणकीय प्रतिकृतीवर हेच तपासले. शाफ्टची ताठरता बदलल्याने हेडच्या कमाल वेगात नगण्य फरक पडला, हेड चेंडूपाशी कोणत्या कोनात पोचते त्यात मात्र फरक पडला.

तो फरक किती? टोक ३ सेंटिमीटर पुढे वाकले तर हेड साधारण अडीच ते तीन अंश मागे कलते, म्हणजे १० अंशांचा ड्रायव्हर १२-१३ अंशांसारखा चेंडूपाशी येतो. ड्रायव्हरमध्ये चेंडू सुटण्याच्या कोनाचा सुमारे ८५ टक्के भाग फेसच्या प्रत्यक्ष लॉफ्टवर (मागे कललेल्या कोनावर) ठरतो, म्हणून हा फरक हवेत स्पष्ट दिसतो. पुढच्या बाकाने फेस थोडा बंदही होतो, म्हणजे डावीकडे वळतो. टो खाली झुकल्याने लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांच्यामधला कोन) सपाट होतो, म्हणून लाय अँगल कधीही क्लब जमिनीवर स्थिर ठेवून मोजून ठरवू नये. आयर्नच्या (धातूच्या पातळ हेडच्या क्लबच्या) सोलवर, म्हणजे तळावर, मास्किंग टेप लावून लाय बोर्डवरून (टणक फळीवरून) मारावे. खूण टोच्या बाजूला आली तर लाय सपाट आहे आणि चेंडू उजवीकडे जाण्याची प्रवृत्ती राहील, हीलकडे आली तर उलट.

मोबाइलमधला बाक खरा मानू नका

शाफ्ट केळ्यासारखा वाकलेला दाखवणाऱ्या चित्रफिती बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा दोष दाखवतात. मोबाइलचा सेन्सर सगळे चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत हेड पुढे सरकलेले असते, आणि सरळ शाफ्टही वाकडा दिसतो. याउलट १९३८ मध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी डेन्समोर शूट यांचा स्विंग स्ट्रोबच्या झगमगाटात टिपला होता. तिथे प्रत्येक क्षणी पूर्ण दृश्य एकदम उजळत असल्याने त्यातला बाक खरा आहे.

तपासणी सोपी आहे. मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, समोरून ठेवा. सेकंदाला २४० फ्रेमवर, भर उन्हात, शटर १/४००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवून पाच स्विंग टिपा. मग मोबाइल १८० अंश उलटा करून पुन्हा पाच. बाकाची दिशा उलटली तर तो कॅमेऱ्याचा होता. मोबाइल उभा धरला तर चेंडूजवळचा खोटा बाक बराच कमी होतो, कारण बहुतेक मोबाइल तेव्हा आडव्या दिशेने वाचतात. या चित्रफितींतून फक्त मनगटाचा कोन आणि हातांची जागा वाचा, शाफ्टचा बाक नको.

मनगटाचा लॅग वेग कसा देतो

हात आणि क्लब मिळून दुहेरी लंबक होतो: वरचा दांडा खांद्यापासून मनगटापर्यंत, खालचा मनगटापासून हेडपर्यंत. क्लब घडी घातलेला असतो तोवर सगळी रचना फिरवायला सोपी असते आणि हात लवकर वेग घेतात. पुढे हात वळणावर येतात आणि हेड बाहेर फेकले जाते. ते बाहेर जाताना हातांना मागे खेचते, हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा हेडकडे जाते. आघातापूर्वी हातांचा वेग कमी होणे हा दोष नाही, तीच ऊर्जा हस्तांतराची खूण आहे.

शेतात पाखरे राखताना गोफण फिरवणारा माणूस दोरी ढकलत नाही, त्याला ढकलताच येत नाही. तो हाताचा मार्ग वळवतो आणि दगड आपोआप सुटतो. क्लबही मुख्यतः असाच उघडतो, फक्त हातांचा मार्ग नीट हवा. वरून हात प्रथम खाली येतात, उजव्या मांडीसमोर आल्यावर वळण घट्ट होते आणि आघाताजवळ ते डावीकडे, किंचित वर ओढले जातात. डावा पाय सरळ होत जमिनीला दाबतो तेव्हा ही वरची ओढ मिळते. हात सरळ लक्ष्याकडे नेत राहिलात तर वळणच मिळत नाही, क्लब उघडत नाही आणि फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो.

म्हणून लॅग मुद्दाम धरून ठेवू नये. मनगटे अडवून धरली की उलटा जोर लागतो, ऊर्जा वाया जाते आणि चेंडू खाली, उजवीकडे, कमजोर जातो.

लवकर सुटण्याचे कारण आधी शोधा

वरूनच मनगटे उघडणाऱ्या खेळाडूंना "लॅग धरा" असे सांगितले जाते. त्याने काही सुधारत नाही, कारण उघडण्यामागे सहसा काहीतरी कारण असते. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे वरच्या टोकाला उघडा फेस. डावे मनगट मागे मुडपलेले किंवा ग्रिप कमजोर (हात क्लबवर लक्ष्याकडे फिरलेले) असेल, तर शरीराला फेस बंद करण्याची घाई होते आणि तो हेड लवकर फेकूनच बंद होतो. अशा खेळाडूने लॅग वाढवला तर स्लाइस (चेंडू उजवीकडे वळत जाणे) वाढेल. आधी फेस दुरुस्त करा: सेटअपमध्ये डाव्या हाताच्या दोन ते अडीच गाठी (बोटांच्या मुळाशी असलेले सांधे) स्वतःला दिसाव्यात आणि वरच्या टोकाला डाव्या मनगटाची मागची बाजू साधारण सपाट असावी.

दुसरे कारण, खाली येण्याची सुरुवात उजव्या खांद्याने होणे. तिसरे, चेंडू हवेत उचलण्याची धडपड. चौथे, घट्ट पकड. मुंबई, कोकण किंवा गोव्यात दमट हवेत ग्रिप घामाने निसटू लागते, खेळाडू नकळत मूठ आवळतो आणि मनगटे अडकतात. दर तीन-चार होल्सनंतर ग्रिप कोरड्या टॉवेलने पुसा, बॅगेत दोन ग्लोव्ह ठेवून आलटूनपालटून वापरा, कॉर्ड (रबरात विणलेला धागा) असलेली ग्रिप बसवा. पकड दहापैकी तीन-चार इतकी असावी.

सराव, याच क्रमाने

पहिली पायरी टॉवेलची. अंगपुसणीचा मोठा टॉवेल पीळ घालून एका टोकाला गाठ मारा आणि दुसरे टोक क्लबसारखे धरा. बॅकस्विंगमध्ये गाठ पाठीला टेकेपर्यंत थांबा, मगच खाली या. टॉवेल मधेच चुरगळला तर तुम्ही हातांनी ढकलले. ताणलेला राहिला तर ओढले. असे दहा. याने वरची घाई कमी होते.

दुसरी पायरी ७ नंबरच्या आयर्नने, चेंडू बुटक्या टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर). वरून डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत खाली या आणि थांबा. उजवे कोपर बरगडीसमोर आलेले आणि वजन डाव्या पायावर सरकू लागलेले असावे. पुन्हा वर जा. असे दोनदा, तिसऱ्या वेळी न थांबता निम्म्या जोराने मारा. दहा चेंडू. क्लब चेंडूआधी जमिनीला लागत असेल तर वजन उजव्या पायावर अडकले आहे. हाताला दोष देऊ नका. शॉट उजवीकडे सरळ जात असेल तर तुम्ही मनगटे धरून ठेवत आहात.

तिसरी पायरी आवाजाची. ड्रायव्हर उलटा करून हेडच्या जवळ शाफ्ट धरा आणि चेंडूशिवाय फिरवा. हवेतला 'सूं' चेंडूच्या जागी किंवा किंचित पुढे ऐकू यायला हवा. उजव्या खांद्याजवळ ऐकू आला तर कमाल वेग वाया गेला. पाच-पाचचे तीन संच, मध्ये मिनिटभर विश्रांती. आवाज पुढे न्यायला मनगटे अडवू नका, कंबर आधी वळवा.

चौथी पायरी पूर्ण स्विंगची, पण फेसवर फूट पावडरचा पातळ थर देऊन. लॅग वाढवण्याच्या नादात आघाताची जागा हीलकडे किंवा वर सरकली तर मिळालेला वेग निरुपयोगी आहे. दहापैकी सात खुणा एका रुपयाच्या दोन नाण्यांएवढ्या जागेत येईपर्यंत जोर वाढवू नका.

शाफ्ट निवडताना

फ्लेक्सची, म्हणजे शाफ्टच्या लवचीकपणाची, अक्षरे (आर मऊ, एस ताठ, एक्स अधिक ताठ) कोणत्याही सामाईक प्रमाणाने बांधलेली नाहीत. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या आरइतका मऊ असू शकतो. ढोबळ मानाने ताशी ७५ ते ९० मैल हेडवेगाला आर, ९० ते १०५ ला एस, त्यावर एक्स. ही फक्त सुरुवात. वरच्या टोकाला झटक्याने दिशा बदलणारा खेळाडू त्याच वेगाला जास्त ताठ शाफ्ट मागू शकतो.

वजन आधी ठरवा, फ्लेक्स नंतर. ५०, ६० आणि ७० ग्रॅमचे तीन शाफ्ट घ्या. हेड, लॉफ्ट, लांबी, ग्रिप एकच ठेवा आणि शाफ्टवरची अक्षरे टेपने झाका, कारण खेळाडू अक्षर वाचून स्विंग बदलतो. प्रत्येकी दहा चेंडू मारा, सर्वांत वाईट दोन वगळा आणि उरलेल्यांचा डावा-उजवा पसारा मोजा. सर्वांत लांब गेलेला चेंडू पाहून निवड करू नका. शाफ्ट फार हलका असेल तर लय घाईची होते आणि खुणा विखुरतात. फार जड असेल तर फेस उशिरा येतो, चेंडू उजवीकडे. योग्य वजनात फ्लेक्स तपासताना मऊ शाफ्टने चेंडू सहसा उंच आणि डावीकडे, ताठ शाफ्टने खाली आणि उजवीकडे जातो. काही खेळाडू चार-पाच चेंडूंत नकळत जुळवून घेतात आणि निकाल उलटतात. म्हणून त्याच तीन शाफ्टची चाचणी दुसऱ्या दिवशी, उलट क्रमाने पुन्हा करा.

जुना शाफ्ट किती ताठ आहे ते घरीही समजते. रबर लावलेल्या क्लॅम्पमध्ये ग्रिपकडचे ५ इंच पकडा, हेड झटका आणि स्लो मोशनमध्ये चित्रित करून दहा हेलकाव्यांचा वेळ मोजा. २.४ सेकंद आले तर मिनिटाला २५०. ग्रॅफाइट शाफ्ट साध्या लोखंडी व्हाइसमध्ये कधीही आवळू नका, तंतू चिरडतात आणि पुढे भर स्विंगमध्ये शाफ्ट तुटतो.

लांबी अर्धा इंच वाढवली तर स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटते त्याचे माप) सुमारे ३ अंकांनी वाढते, हेडवर २ ग्रॅम लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावली तर १ अंकाने. दोन्हींनी शाफ्ट मऊ वाटू लागतो. स्पर्धा खेळत असाल तर क्लबच्या लांबीची ४८ इंचांची सर्वसाधारण मर्यादा पाळूनच भागत नाही: जानेवारी २०२२ पासून आयोजकांना ४६ इंचांची मर्यादा लावण्याची मुभा आहे, तेव्हा शाफ्ट कापण्याआधी किंवा वाढवण्याआधी तुम्ही खेळता त्या स्पर्धेचे स्थानिक नियम विचारून घ्या.